गळणारच, म्हणे!

दिवाळीत तेलाला मान आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते अंगाला लागते, संध्याकाळी पणतीत जळते आणि मधल्या वेळात कढईत चकलीला रंग आणते. तेव्हा दिवाळी अंकात तेलावर चार पाने लिहिली म्हणून कोणी नाक मुरडू नये. मात्र मी ज्या तेलावर लिहिणार आहे ते सुवासिक नाही. ते काळे आहे, चिकट आहे, आणि जेथे असू नये तेथे आहे: अंगणातल्या फरशीवर, जिन्याखाली, शेजाऱ्याच्या दारात, रांगोळी काढावयाच्या नेमक्या जागी. जुन्या मोटारसायकलीच्या पोटातून गळणारे हे तेल. पण माझे खरे भांडण तेलाशी नाहीच. ते आहे त्याच्यासोबत हटकून ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी. "अहो, बुलेट म्हटली की गळणारच!"

हे वाक्य मी उल्हासनगरच्या कॅम्पांतून ऐकले आहे, अंबरनाथच्या नाक्यानाक्यावर ऐकले आहे, आणि बदलापुरात तर आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. मेकॅनिक ते हात पुसत म्हणतो, मालक ते कौतुकाने म्हणतो, आणि नव्या गाडीचा विक्रेता ते नाक वर करून म्हणतो. कोणी त्याला पुस्ती जोडतो, "खाली तेल नाही, तर आतही तेल नाही असे समजा!" मग सगळे हसतात. हा विनोद मूळचा इंग्लंडातला. तिकडचे लोक तिकडच्या गाड्यांवर तो करीत. गाडी आपण येथे बनवू लागून कित्येक वर्षे लोटली. विनोद मात्र अजून आयातच वापरतो आहोत.

माझे म्हणणे सरळ आहे. गळणे हा जुन्या गाडीचा स्वभाव नव्हे, तो आजार आहे. आजाराला कारण असते, कारण शोधता येते, आणि ते शोधण्याची रीतही ठरलेली आहे. ती रीत आपण सोडून दिली, आणि आपला आळस झाकण्यासाठी गाडीच्या माथी स्वभाव मारला.

1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली, तिच्यामागे भारतीय लष्कराची मागणी होती. सरहद्दीवर गस्त घालावयास दणकट गाडी हवी होती आणि लष्कराने साडेतीनशे सीसीची बुलेट पसंत केली. ह्या गाडीच्या इंजिनात सारे मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास तेल मावते. ते वाटेत गाळून टाकणे हाच जर तिचा जन्मजात गुण असता, तर जेथे दुकान सोडाच, माणूसही दिसत नाही अशा वाटांवर तिला कोणी नेले असते? ती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तिची नीट निगा राखणारी माणसे होती, एवढेच म्हणतो.

ह्यात बिघडते काय, असे कोणी विचारील. चार थेंबांनी आभाळ कोसळत नाही. खरे आहे, पण आभाळातून पहिला पाऊस कोसळतो तेव्हा ह्या चार थेंबांचे काय होते ते पाहावे. आठ महिने रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल जूनच्या पहिल्या सरीत पाण्यावर तरंगून येते. कल्याण-बदलापूर रस्त्यावरून त्या पहिल्या अर्ध्या तासात ज्याने दुचाकी चालवली आहे त्याला ते इंद्रधनुष्यी डाग ठाऊक आहेत. पुढचा 'गळणारच' म्हणत निघून गेलेला असतो. त्याच्या तेलावरून येते ती मागची स्कूटर, जिच्यावर पुढे मूल उभे आहे, मागे बायको बसली आहे आणि हँडलला भाजीची पिशवी आहे. वळणावर ब्रेक दाबला की चाक सरकते. तेल स्वतःच्याच मागच्या टायरवर उडाले आणि मालक आडवा झाला, तर निदान करणी आणि भरणी एकाच घरात राहिली असे तरी म्हणता येईल. येथे तसे होत नाही. म्हणून हा शौकिनांचा खाजगी विनोद राहत नाही, आणि म्हणूनच कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात मी तो उकरून काढतो आहे.

आम्ही मास्तर लोक शब्दांपासून सुरुवात करतो, आणि ह्या बाबतीत ते अगदी बरोबर ठरते. मराठीत पाहा किती शब्द आहेत! अंग घामेजते, माठ पाझरतो, भिंतीत पाणी झिरपते, नळ ठिबकतो, छप्पर गळते, गटार वाहते. प्रत्येक क्रियापदाचे पाणी निराळे आणि उपायही निराळा. पाझरणाऱ्या माठाला कोणी कुंभाराकडे परत नेत नाही. पाझरतो म्हणून तर पाणी गार होते. गॅरेजात शिरताच ही सारी संपत्ती गुंडाळून ठेवली जाते आणि एकच शब्द उरतो: 'लीक'. डॉक्टरकडे जाऊन नुसते "दुखते" म्हणावे आणि डॉक्टरानेही कोठे ते न विचारता पोट फाडावे, तसा हा प्रकार. एखाद्या जोडावर पुसटशी ओल येऊन तिला धूळ चिकटली, तर तो पाझर. तो पुसावा आणि आपल्या कामाला लागावे. रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी रुपयाएवढा डाग, हे ठिबकणे झाले. चालत्या गाडीत बूट तेलाने भिजणे ही गळती. पहिली गोष्ट वयाची आहे, दुसरी तपासायची आहे आणि तिसरी आजच्या आज थांबवायची आहे. तिन्हींना 'लीक' म्हटले की तिन्हींवर एकच औषध चोपडले जाते, आणि ते औषध म्हणजे सिलिकॉनची ट्यूब.

ह्या ट्यूबविषयी पुढे बोलू. आधी कौलांविषयी बोलतो, कारण निदानाची सगळी गोम कौलांत आहे. बदलापूरचा पाऊस ज्याने कौलारू घरात काढला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. कौल फुटलेले असते आढ्याजवळ. पाणी वाशावरून सरकत सरकत चार हात लांब येते आणि ठिबकते चुलीजवळ. घरची बाई बादली चुलीजवळ ठेवते, पण कौल शाकारायला आलेला गडी काही चुलीवर चढत नाही. तो वर जातो आणि ओल जेथे सुरू झाली ती जागा शोधतो. इंजिनाचे छप्पर असेच आहे. तेल तापले की पातळ होते, वाऱ्याने मागे ढकलले जाते, पंख्यापंख्यांवरून उतरत सर्वांत खालच्या टोकाशी जमते आणि तेथून ठिबकते. सर्वांत खालचे टोक म्हणजे बहुधा तेल काढावयाचा ड्रेन प्लग. त्या बिचाऱ्याचा काही अपराध नसतो. तरी मेकॅनिक पाना घेऊन पहिला त्याच्यावर बसतो, आणि असा पिळतो की आटेच जातात. आटे गेले की तो खरोखरच गळू लागतो. म्हणजे रोग नव्हता तेथे रोग निर्माण झाला आणि वर "पाहिलेत, सांगितले नव्हते?" हे ऐकून घ्यावयाचे.

माझ्या गाडीचेच उदाहरण देतो. गॅरेजचे नाव मात्र सांगणार नाही, कारण नाव सांगून एकाला झोडपावे आणि बाकीच्यांना सोडावे असा हा दोष नाही. पहिल्या खेपेस ड्रेन प्लगचा वॉशर बदलला. डाग कायम. दुसऱ्या खेपेस सिलिंडरखालचे पॅकिंग बदलले आणि चारी बाजूंनी सिलिकॉन फासला. डाग कायम. तिसऱ्या खेपेस निदान झाले: "साहेब, इंजिन उतरवावे लागेल, केस उघडावी लागेल." शाळामास्तराच्या महिन्याच्या पगाराला हात घालणारे ते वाक्य होते. त्या सुमारास अंबरनाथचे एक निवृत्त फिटर भेटले. त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी मला प्रश्न विचारले. तेल गाडी उभी असताना पडते की चालून आल्यावर? रोज चालवली तर जास्त की आठवडाभर उभी राहिली तर? वास कसला येतो? तीन खेपांत हे मला कोणी विचारलेच नव्हते. मग त्यांनी इंजिन डिझेलने धुतले, कोरडे पुसले, वाळवले, आणि माझ्याकडून शाळेच्या खडूची पूड मागवून घेऊन पावडर लावावी तशी सबंध इंजिनावर भुरभुरवली. "बदलापूरपर्यंत जाऊन या," म्हणाले. मी आलो. पांढऱ्या इंजिनावर एक बारीक काळी रेघ होती, आणि ती वर, थेट हेडपाशी सुरू होत होती. रॉकरला तेल पुरवणारी बारीक नळी तेथे बोल्टाने जोडलेली असते, आणि त्या बोल्टाखाली तांब्याचा वॉशर असतो. फिटरबुवांनी तो काढला, गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात सोडला, पुसून पुन्हा बसवला. तांबे दाबून दाबून ताठर होते. तापवले की मऊ पडते आणि जागेवर नीट बसते. नवा वॉशरदेखील आणावा लागला नाही. ज्या इंजिनाची केस उघडणार होते त्याचा आजार हेडवर, एका वॉशरात होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय?

ह्या निदानात जादू नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावयाची, एवढाच नियम. परदेशात तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या दिव्याखाली पाहण्याची सोय निघाली आहे, आता ती आपल्याकडेही मिळते. पण खडूने जे दिसते त्यासाठी दिवा कशाला? आणि खडूच्याही आधी नाक आहे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरावे, चाकांच्या जागेवर खुणा कराव्यात, सकाळी डाग कोठे कोठे पडला ते पाहावे आणि हुंगावे. इंजिनाचे तेल काळपट असते आणि त्याला जळकट वास येतो. गिअरबॉक्सच्या दाट तेलाला गंधकासारखा उग्र दर्प असतो. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा. त्याला ग्रीससारखे दाट वंगण हवे असते. त्यात कोणी हौसेने पातळ तेल ओतले की ते बाहेर येणारच. येथे 'च' लावण्यास माझी हरकत नाही. क्लचच्या बाजूचे तेल त्या मानाने स्वच्छ. पेट्रोल असेल तर उडून जाते आणि नुसती कड राहते. साखळीला घातलेले तेल रिमवर उडालेले असते आणि त्याला कोणी गळती समजून इंजिन खोलल्याचेही ऐकले आहे.

आता अशी गळती घ्या, जिच्यात कोणताच जोड दोषी नसतो. येथे बहुतेकांची मती गुंग होते. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. हिशेब केला तर 346 घन सेंटिमीटर भरतात. दट्ट्या खाली येतो तेव्हा तेवढीच हवा खालच्या पोटात ढकलतो. मिनिटाला 3000 फेरे धरले तर हजार लिटरांहून अधिक हवा दर मिनिटाला त्या लहानशा पोटात हलते. तिला बाहेर पडावयास ब्रीदर नावाची वाट ठेवलेली असते, आणि वाटेवर एक रबरी झडप असते: हवा बाहेर जाऊ द्यावी, आत येऊ देऊ नये. त्यामुळे पोटात दाब साचत नाही आणि तेल आतल्या आत सुखाने राहते. वर्षानुवर्षांनी रबर कडक होते, किंवा नळी कोठेतरी मुडपते, किंवा मळाने तुंबते. मग दाब वाढतो आणि तेलाला जेथून फट सापडेल तेथून बाहेर काढतो. कुकरची शिटी तुंबली की वाफ झाकणाच्या रिंगमधून फुसफुसू लागते. अशा वेळी कोणतीही शहाणी गृहिणी धावत जाऊन नवी रिंग आणत नाही. गॅस बंद करते आणि शिटी साफ करते. आमच्या गॅरेजात मात्र वर्षानुवर्षे रिंगाच बदलल्या जात आहेत! आज ह्या जोडाचे पॅकिंग, उद्या त्या जोडाचे. एक बंद केले की तेल दुसरीकडून डोकावते, आणि मग "जुनी गाडी आहे, एकीकडे धरले की दुसरीकडे सुटते" असे तत्त्वज्ञान ऐकावे लागते. गाडी चालू ठेवून ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी बोट धरले तर फुंकर बाहेर येताना जाणवावी, आत ओढ जाणवू नये. एवढी परीक्षा घ्यावयास किती वेळ लागतो? पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर वरचा धूरही खाली उतरतो आणि दाब आणखी वाढतो. ती परीक्षा निराळी, आणि तेथे मात्र खर्चाची तयारी ठेवावी.

दुसरा असाच गुप्त रोग उभ्या गाडीचा. बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनाच्याच ओतकामात, पण क्रँकच्या खोलीहून वेगळी असते. एक पंप तेल पुरवतो, दुसरा खाली जमलेले परत टाकीत नेतो. पंपाचा फेस झिजला की गाडी आठ-दहा दिवस उभी राहिल्यावर टाकीतले तेल हळूहळू क्रँकच्या खोलीत उतरते. मालक गावाहून येतो, टाकीत पाहतो तो तेल कमी! तो वर आणखी ओततो. गाडी सुरू होताच निळा धूर, ब्रीदरमधून पिचकारी आणि खाली थारोळे. येथे गळले काहीच नव्हते. तेल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले होते. वर ओतलेल्या जादा तेलाने खरा घोटाळा केला. रोज चालवल्यावर फरशी कोरडी आणि रजेनंतरच डाग, एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली असती तर पॅकिंगांवरचा सारा खर्च वाचला असता. 26 जुलै 2005च्या पुरात आणि पुन्हा 27 जुलै 2019 रोजी, बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली त्या दिवशी, उल्हास नदी काठ सोडून कितीतरी घरांच्या अंगणात आली. बुडालेल्या इंजिनात पाणी तळाशी बसते आणि तेल वर उचलले जाते. अशी गाडी किक मारून पाहिली की दुधाळ, ताकासारखे तेल बाहेर फेकले जाते. तीही गळती नव्हेच.

आता ट्यूब. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसले की मध्ये कागदाचे पॅकिंग पुरते. ते सपाट नसतील तर मध्ये काहीही भरा, व्यर्थ आहे. बुलेटचे क्लचच्या बाजूचे मोठे कव्हर एकाच नटावर धरलेले असते, कडेला रबराची रिंग. ते ओलावले की कोणी तरी नट आणखी आवळतो. कव्हर मध्ये दबते, कडा उचलतात, आणि तेल जास्त येते. म्हणून तो आणखी आवळतो. कव्हर काढून काचेच्या तावदानावर ठेवावे. डगमगले तर वाकले आहे. काचेवर एमरी पेपर ठेवून ते हळूहळू घासावे, सर्वत्र सारखी चकाकी आली की झाले. ह्याऐवजी ट्यूब पिळली जाते. बाहेर दिसते तेवढी ती आतही फुगलेली असते. तिचे तुकडे सुटून तेलाच्या बारीक वाटांत अडकतात, आणि गळती थांबो न थांबो, वरच्या भागाचे तेल मात्र थांबते. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले असे आपण म्हणतो; येथे ते शब्दशः घडते.

आणि हे कोठे घडते? अंबरनाथात! ज्या गावात 1950च्या दशकापासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, ज्या गावातल्या फिटरांनी आणि टर्नरांनी एका केसाच्या जाडीचे भाग पाडून मोजमाप करण्यात उभी हयात घालवली, त्या गावात दोन पत्रे सपाट होत नाहीत असे आम्ही म्हणावे? आनंदनगरच्या एमआयडीसीत ग्राइंडिंगची यंत्रे आहेत, लेथ आहेत. गावाच्या कडेला शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख असलेले शिवालय उभे आहे; चिऱ्याला चिरा कसा भिडवावा हे येथल्या पाथरवटाला साडेनऊशे वर्षांपूर्वी कळत होते. आम्ही ट्यूब पिळतो.

उल्हासनगरवर तर आणखी अन्याय. गळती थांबली नाही की हुकमी सबब तयार असते, "ऑइल सील उल्हासनगरचे निघाले, डुप्लिकेट!" ह्या गावाची थट्टा करावयाची आपल्याला जुनी खोड आहे. लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहिली, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले, आणि हाती काही नसताना ह्या माणसांनी काय वाटेल ते बनवून विकून दाखवले. त्यांच्या 'यूएसए' छापाच्या मालावर आपण हसलो आणि तोच माल घरी आणला. नकली माल तेथे मिळत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सीलची कडा ज्या दांड्यावर घासते त्या दांड्यावरच वर्षांच्या घर्षणाने खाच पडली असेल, किंवा बुश झिजून दांडा हलत असेल, तर सील उल्हासनगरहून आणा, मद्रासहून आणा, नाहीतर इंग्लंडातून मागवा, ते गळणारच. नखाने दांडा चाचपून पाहिला तर खाच हाताला लागते. सील बसवताना त्याची कडा स्क्रूड्रायव्हरने फाडणारे हात उल्हासनगरात तयार झालेले नसतात. ते बसवणाऱ्याचेच असतात.

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्य केला पाहिजे. जुन्या इंग्रजी धाटणीच्या इंजिनांची केस उभी दुभागलेली असते. डावा अर्धा आणि उजवा अर्धा. त्यामुळे जोड थेट तळातून, तेल साठते तेथूनच जातो. जपान्यांनी, विशेषतः होंडाने, केस आडवी दुभागली. जोड वर राहिला, तेल खालच्या अखंड भांड्यात राहिले. 1959 साली होंडाची माणसे आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत प्रथम उतरली तेव्हा इंग्रज कारखानदारांनी त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते. 1969 साली होंडाची साडेसातशे सीसीची चार सिलिंडरांची गाडी बाजारात आली. ती बटणाने सुरू होई आणि खाली डाग पाडीत नसे. 1973 पर्यंत बीएसएसारख्या बलाढ्य घराण्याचा डोलारा कोसळला. तेल हे एकच कारण नव्हे, कारणे पुष्कळ होती. पण "आमच्या गाड्या गळतातच" असे म्हणत गिऱ्हाइकाला हसवणारे ते हसतच राहिले आणि गिऱ्हाईक गेले. पुढे 2008-09च्या सुमारास बुलेटच्या कंपनीनेही इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेले नवे अॅल्युमिनियमचे इंजिन आणले. म्हणजे कारखान्याने दोष मानला आणि दुरुस्त केला. गौरव करीत बसले ते शौकीन.

तेव्हा जुन्या घडणीत पाझराला जागा जास्त, हे कबूल. पण जास्त जागा म्हणजे जास्त काळजी; काळजीतून सुटका नव्हे.

आणि खाली तेल नाही म्हणजे सारे आलबेल, ही उलट समजूतही तितकीच पोकळ. जावा घ्या. 1961 पासून म्हैसूरला बनलेली ही गाडी पुढे 1973 पासून येझदी नावाने निघाली आणि 1996 साली तो कारखाना बंद झाला. तिचे तेल पेट्रोलातच मिसळून जळते. तिच्या क्रँकचे क्लचकडले सील गेले की गिअरचे तेल बाहेर न येता आत ओढले जाते, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जाते. फरशी आरशासारखी स्वच्छ, शेजारी खूष, आणि गिअरबॉक्स कोरडा पडत चाललेला! तेथे डोळे फरशीवर नव्हे, तेलाच्या पातळीवर हवेत.

फरशीवरून तेल कोठे जाते हेही एकदा पाहावे. धुतलेले पाणी गटारात, गटार नाल्यात आणि ह्या गावांतले कितीतरी नाले वालधुनीत. ही नदी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, त्याच जुन्या शिवालयाच्या अंगाने वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला जाते. वालधुनी काही मोटारसायकलींच्या तेलाने मेलेली नाही. तिला मारणारे टँकर मोठे होते. 2014 साली नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरून इस्पितळात गेली, त्यात बुलेटवाल्यांचा हात नव्हता. पण टँकरवाल्याला जाब विचारावयास आपण तोंड उघडतो तेव्हा आपल्या दारातून निघालेली इंद्रधनुष्यी पट्टी त्याच पाण्यात मिसळलेली असू नये, एवढे तरी मान्य व्हावे. वापरलेले तेल 2016च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, हे बदललेले तेल गटारात ओतणाऱ्या गॅरेजांनाही ठाऊक असावयास हरकत नाही.

राहता राहिले शौकीन. त्यांच्याशी माझे वैर नाही, मी त्यांच्यातलाच. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून निराळी नोंदणी देण्याचे नियम केले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरास नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बुलेटी ह्या पंगतीत येऊन बसल्या आहेत किंवा बसत आहेत. मूळ रूप जपावयाचे म्हणून हे लोक मडगार्डावरच्या रेघेसाठी रंगाऱ्याशी महिनाभर भांडतात, हेडलॅम्पची मूळ काच मिळावी म्हणून चोरबाजार पालथा घालतात. तेलाचा डाग मात्र 'मूळ रूप' म्हणून ठेवतात! मूळ रूपात ती गाडी कारखान्यातून कोरडी बाहेर पडली होती, हे ह्यांना कोणी सांगावे?

मेकॅनिक मंडळींनाही एक सांगतो. गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, सुट्या भागांचेच देतो, म्हणून तुम्ही भाग बदलता. हे मला कळते आणि त्यात दोष निम्मा आमचा आहे. डॉक्टरला तपासण्याची फी द्यावयाची, मग औषधाची. तुम्हाला नुसत्या औषधाची. तेव्हा ह्यापुढे असे करा. पाना उचलण्यापूर्वी गाडी धुवा, खडू भुरभुरवा, चक्कर मारून या, आणि तेल कोठून सुरू होते ते आम्हाला बोटाने दाखवा. बिलावर पहिल्या ओळीत ती जागा लिहा आणि तिच्यासमोर तपासणीची फी लिहा. भाग बदललात तर जुना भाग कागदात बांधून आमच्या हाती द्या. काहीच बदलावे लागले नाही तरी फी घ्याच. खडूचे पैसे वेगळे लावलेत तरी आम्ही देऊ.